दहापर्यंत मोजणारी बाई

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

चिखलदऱ्याला लोक पावसाळ्यात धुकं पाहायला जातात. परतवाड्याहून घाट चढायला लागलं की गाडीच्या काचा पांढऱ्या होतात. धबधब्याचा आवाज येतो, पण धबधबा दिसत नाही. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच असलेल्या या गावाला आम्ही वऱ्हाडातले लोक विदर्भाचं नंदनवन म्हणतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात एका कविसंमेलनासाठी मी तिथे गेलो होतो. सकाळचा वेळ मोकळा होता, म्हणून घाटाखालच्या एका कोरकू वस्तीकडे फिरत गेलो.

एका घराच्या ओसरीत आशाताई बसली होती. समोर आईच्या मांडीवर चार-पाच महिन्यांचं पोर. आशाताईने त्याचं झबलं वर केलेलं. तिची नजर एकदा पोराच्या पोटाकडे, एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे. मी कवी माणूस, गप्प बसवत नाही. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर ती मान न उचलताच म्हणाली, ‘थांबा भाऊ, मोजून रायली मी.’

मी थांबलो. मिनिट संपलं. तिने आईला सांगितलं, ‘चौपन्न. चाल, दवाखान्यात जाऊ.’ आणि पिशवी उचलली.

वाटेत मी तिला विचारलं, चौपन्न म्हणजे काय? ती म्हणाली, दोन महिन्यांवरच्या आणि वर्षाच्या आतल्या पोराला खोकला असेल आणि मिनिटाला पन्नास किंवा जास्त श्वास भरले, तर न्यूमोनिया धरायचा. थांबायचं नाही.

तिच्यासाठी ते रोजचं काम होतं. मला मात्र एक जुनी रात्र आठवली. मी आठ वर्षांचा असेन. अंजनगावच्या बाजूला आमचं गाव. घरात सात महिन्यांची धाकटी बहीण. पाऊस लागून राहिलेला. दोन दिवसांच्या सर्दीनंतर ती धापा टाकायला लागली. दादी म्हणाली, ‘पसली चल रही है.’ शेजारच्या काकू म्हणाल्या, पोरीला डबा झाला. आजार एकच, घराघरात नाव वेगळं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली. दादीने दुआ फुंकली. अब्बा म्हणाले, उजाडलं की पहिल्या एसटीने नेऊ. एसटी यायच्या आधी ती गेली.

कोणी हयगय केली नव्हती. सगळे तिच्याभोवतीच बसून होते. तिची बरगडी वर-खाली होताना आम्ही सगळे पाहत होतो. फक्त मोजत कोणी नव्हतं. आणि मोजलं असतं तरी किती म्हणजे जास्त, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं.

तो ‘पन्नास’ कुठून आला, हे शोधण्याच्या नादात मी पुढे बरंच वाचलं. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही, बीएला इतिहास आणि मराठी होतं. पण मात्रा मोजत आयुष्य गेलं. गझलेत एक मात्रा कमी-जास्त झाली की ओळ अडखळते, एवढं गणित मला कळतं. त्या आधारावर ही हकिगत सांगतो.

शरीराची लय ऐकणं ही वैद्यकाची फार जुनी विद्या आहे. हकीम मनगटावर बोटं ठेवून नब्ज पाहतो, वैद्य नाडी पाहतो. हजार वर्षांपूर्वी इब्न सीनाने आपल्या ‘कानून’ या ग्रंथात नाडीच्या तालाचं नातं संगीताशी जोडलं होतं. पण लय ओळखणं वेगळं आणि आकडा लिहून ठेवणं वेगळं. लय ओळखायला उस्ताद लागतो. आकडा मात्र एकाने लिहिला की दुसऱ्याला तपासता येतो.

रुग्णालयात हा आकडा हट्टाने आणला तो पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टरने. त्या काळी न्यूमोनियावरचा मान्यवर उपचार म्हणजे शिर कापून रक्त काढणं. १८३५ मध्ये त्याने याविषयी पुस्तक प्रसिद्ध केलं. न्यूमोनियाच्या ७७ रुग्णांचा त्याने हिशोब मांडला होता. कोणाचं रक्त कधी काढलं, किती जगले, किती गेले. हिशोबातून दिसलं ते असं, की ज्या उपचारावर सगळ्यांची श्रद्धा होती त्याचा उपयोग अगदीच थोडा. लुईवर टीका झाली. प्रत्येक रोगी निराळा असतो, त्यांची बेरीज कशी करता, असं विरोधक म्हणाले. हा आक्षेप आजही ऐकू येतो आणि तो अगदी खोटाही नाही. पण बेरीज केली नाही तर वैद्याला त्याचे बरे झालेले रोगीच आठवत राहतात, हेही तितकंच खरं.

न्यूमोनियाचं निदान पुढे स्टेथोस्कोप आणि एक्स-रेवर गेलं. शहरात ते ठीक होतं. पण जिथे वीज नाही, डॉक्टर नाही, तिथे काय करायचं? १९८० च्या दशकात पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात फ्रँक शान या बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खोकणाऱ्या मुलांचे श्वास मोजले. मिनिटाला पन्नासाच्या वर श्वास असतील तर फुप्फुसाचा आजार असण्याचा संभव मोठा, हे त्यांनी १९८४ मध्ये मांडलं. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनीही तपासणी केली. वर्षाच्या आतल्या मुलांना पन्नास आणि त्यावरच्या मुलांना चाळीस ही रेघ योग्य ठरते, असं १९८८ मध्ये त्यांनी दाखवलं. आज जागतिक आरोग्य संघटनेचा नियम असा आहे : दोन महिन्यांच्या आत साठ, दोन महिने ते एक वर्ष पन्नास, एक ते पाच वर्षं चाळीस.

या रेघेत गणित कुठे आहे? चाळणीत आहे. आपल्या बाया तूर चाळतात तेव्हा छिद्र मोठं घेतलं तर खड्यांबरोबर डाळही खाली जाते, फार बारीक घेतलं तर खडे वरच राहतात. इथेही तसंच. बाळांसाठी रेघ चाळीसवर ओढली, तर साध्या सर्दीची शेकडो मुलं औषधं खातील. साठवर ओढली, तर खरी आजारी मुलं निसटतील. दोन चुकांपैकी कोणती किती परवडते, हे ठरवावं लागतं. पन्नास हा आकडा आकाशातून पडलेला नाही. शेकडो मुलांचे श्वास मोजून, त्यांच्या तपासण्यांशी ताडून ती रेघ ओढली आहे.

आणखी एक साधी गोष्ट. घाईत असलेला माणूस पंधरा सेकंद मोजतो आणि चारने गुणतो. तान्ह्या मुलाचा श्वास एकसारखा नसतो, मधेच थांबतो, मधेच भराभर चालतो. पंधरा सेकंदांत दोन श्वास चुकले तर मिनिटाच्या हिशोबात आठ चुकतात. सेहेचाळीसचे चौपन्न होतात, किंवा चौपन्नचे सेहेचाळीस. म्हणून मिनिट पूर्ण मोजायचं. आशाताईने मला गप्प केलं, त्यामागे हे गणित होतं.

आता एक अडचण उरते. ज्या गावात मोजणारी दाई निरक्षर आहे, तिने पन्नासपर्यंत कसं मोजायचं? आपल्या खेड्यांत म्हाताऱ्या बाया अजून विसांत हिशोब करतात, दोन विसा नि दहा असं म्हणतात. मेळघाटातल्या कोरकूंची भाषा मराठीपेक्षा वेगळ्याच, मुंडा कुळातली. तिथे शाळेतले आकडे शिकवत बसलो तर पोर वाट पाहत नाही.

याचं उत्तर विदर्भातच, गडचिरोलीला निघालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी एक श्वासमापक तयार केला. लाकडी चौकट, त्यात एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दाईने घडी उलटी करायची. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचं. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचली, तर न्यूमोनिया. या बाईला फक्त दहापर्यंत मोजता यायला हवं. हाताची बोटं दहाच असतात, म्हणजे साधन प्रत्येकीकडे होतंच.

हे उपकरण जितकं महत्त्वाचं, तितकीच त्यापुढची परीक्षा महत्त्वाची. औषध दिल्यावर मुलं वाचली असं म्हणणं सोपं आहे. पण त्या वर्षी थंडी कमी पडली असेल, पीक बरं आलं असेल, तर मुलं तशीही वाचली असती. म्हणून तुलना लागते. ५८ गावांत गावातल्याच माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या द्यायला शिकवलं. शेजारच्या ४४ गावांत हा कार्यक्रम नव्हता, तिथे नेहमीची सरकारी सेवा चालू होती. दोन्हीकडच्या मृत्यूंची नोंद ठेवली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू कार्यक्रमाच्या गावांत वर्षाला ८.१, तर तुलनेच्या गावांत १७.५. उपचार मिळालेल्या ६१२ आजारी मुलांपैकी दगावली ती शंभराला एकाहूनही कमी. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण शंभराला १३.५ होतं. त्या प्रमाणाने ६१२ मुलांपैकी ऐंशीहून अधिक गेली असती.

ही बेरीज-वजाबाकी करताना माझा हात थांबला. त्या ऐंशींपैकी प्रत्येकीला एखादा आठ वर्षांचा भाऊ असेल.

गडचिरोलीतून पुन्हा मेळघाटात येतो, कारण हीच अडचण इथल्याही डॉक्टरांपुढे होती. डॉ. रवींद्र कोल्हे १९८० च्या दशकात धारणी तालुक्यातल्या बैरागडला गेले. तिथे राहायचं तर तीन गोष्टी आल्या पाहिजेत, असं त्यांना जाण्यापूर्वी सांगण्यात आलं होतं, आणि ही आठवण त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितली आहे. सोनोग्राफी आणि रक्ताची सोय नसताना बाळंतपण करता आलं पाहिजे, एक्स-रेशिवाय न्यूमोनिया ओळखता आला पाहिजे आणि जुलाबाचा उपचार आला पाहिजे. पुढे डॉ. स्मिता कोल्हे त्यांच्यासोबत आल्या. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. एक्स-रेशिवाय न्यूमोनिया ओळखायचा म्हणजे काय करायचं, हे आता आपल्याला कळलं. झबलं वर करायचं आणि मोजायचं.

१९९३ मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर आणि देशभर गेल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तेव्हापासून एक वाद आपण वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. एक बाजू म्हणते, मुलं भुकेने, कुपोषणाने मेली. दुसरी बाजू म्हणते, नाही, ती न्यूमोनियाने, जुलाबाने, गोवराने मेली. कागदावर तसं कारण आहे. जणू दोघांपैकी एकच खरं असू शकतं.

या भांडणाचं उत्तर गणिताने दिलेलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले डेव्हिड पेलेटियर आणि त्यांचे सहकारी यांनी अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र केली. त्यांना दिसलं, की कुपोषण आणि आजार यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. नीट पोसलेल्या मुलाच्या तुलनेत सौम्य कुपोषित मुलाचा मृत्यूचा धोका अडीच पट, मध्यम कुपोषिताचा साडेचार पटीहून जास्त आणि तीव्र कुपोषिताचा आठ पटीहून जास्त. १९९५ मध्ये त्यांनी विकसनशील देशांसाठी अंदाज मांडला, की ५६ टक्के बालमृत्यूंमागे कुपोषणाचा हा गुणाकार आहे. म्हणजे ‘न्यूमोनियाने मेलं की कुपोषणाने’ हा प्रश्नच चुकीचा. पाच गुणिले चार वीस होतात. त्या विसांतले पाचाचे किती आणि चाराचे किती, असं कोणी विचारत नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. कुपोषणाशी जोडलेल्या या मृत्यूंपैकी ८३ टक्के सौम्य आणि मध्यम कुपोषित मुलांचे होते. हाडांवर कातडी चिकटलेलं, डोळे खोल गेलेलं मूल आपण फोटोत पाहतो आणि हळहळतो. पण तशी मुलं संख्येने थोडी. थोडीशी बारीक, थोडी मागे पडलेली मुलं असंख्य. धोका लहान, पण संख्या मोठी, म्हणून मृत्यूंची बेरीज तिथेच जास्त. माझी बहीण कुपोषित होती का? आमच्या घरात कोणी तसं म्हटलं नसतं. ‘जरा नाजूक आहे’ एवढंच म्हटलं असतं.

तिच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगायची आहे. तिचा जन्म कुठल्या वहीत नाही आणि मृत्यूही नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा, पण अब्बा ग्रामपंचायतीत गेले नाहीत. कशाला जातील? सातच महिने तर होती. अशी किती मुलं राहिली असतील?

हा प्रश्न महाराष्ट्रात काही संस्थांनी मिळून विचारला. तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागात घरोघर जाऊन प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवला. २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या नावाने त्यांचा अहवाल आला. त्यांचा अंदाज होता, की राज्यात वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास बालमृत्यू होतात आणि सरकारी नोंदीत त्यातला थोडाच भाग दिसतो. खळबळ झाली. पुढे शासनाने बालमृत्यूंचं मूल्यमापन करायला डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली.

नोंद कशी हरवते, हेही समजून घेण्यासारखं आहे. जन्मल्यावर एकदा रडून तासाभरात गेलेलं बाळ ‘उपजत मृत’ असं लिहिलं गेलं, तर ते जिवंत जन्मांतही धरलं जात नाही आणि अर्भक मृत्यूंतही नाही. भागाकारात वरूनही गेलं, खालूनही गेलं. दर कमी दिसतो, बाळ गेलेलंच असतं.

सरासरीतही असंच होतं. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर हजारी १६ होता. ही मोठी प्रगती आहे, ती नाकारू नये. पण अमरावती जिल्ह्याच्या पावसाची सरासरी सांगितली, तर त्यात चिखलदऱ्याचा धो धो पाऊसही कळत नाही आणि दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातली तहानही कळत नाही. राज्याच्या सरासरीत मेळघाट तसाच विरघळतो. म्हणून तिथे मोजणारा माणूस तिथलाच लागतो.

असा माणूस काय करू शकतो, याची दुसरी परीक्षाही गडचिरोलीलाच झाली. १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांतल्या बायांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं आणि ४७ गावांशी तुलना केली. त्या ३९ गावांत पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. १९९९ मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०११ मध्ये भारत सरकारने ही घरपोच नवजात बालसेवा आशांमार्फत देशभर सुरू केली. चिखलदऱ्याच्या त्या ओसरीवर मनगटी घड्याळ पोचलं ते या वाटेने. मेळघाटातही धारणीजवळच्या उतावलीला डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने गावातल्याच बायांना प्रशिक्षण देऊन काम उभं केलं आहे.

मोजलं म्हणजे झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. आशाताईने चौपन्न मोजले, पण पुढे गोळी पिशवीत असावी लागते. रस्ता वाहून गेलेला नसावा लागतो. दवाखान्यात परिचारिका हजर असावी लागते, प्राणवायूची नळकांडी भरलेली असावी लागते. आणि त्याआधी आईने पोराला तिच्याकडे आणावं लागतं. मेळघाटात अजून कुठे कुठे आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात. त्याला डम्मा म्हणतात. वाचून अंगावर काटा येतो. पण ओव्याच्या पुरचुंडीने शेकणाऱ्या माझ्या दादीत आणि त्या आजीत फरक फक्त इतकाच, की दादीच्या हातात विळा नव्हता. धापा टाकणारं पोर समोर असताना हातावर हात ठेवून बसणं कोणाला जमतं? त्यांच्याशी भांडून काही होत नाही. म्हणून आता भुमकांना, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैद्यांनाही सोबत घेऊन रोगी दवाखान्यात पाठवण्याचे प्रयत्न झाले आहेत. हे शहाणपणाचं आहे.

आणि आकड्यांची ही भाषा आता आपल्यालाही परकी राहिलेली नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात घराघरांत बोटाला ऑक्सिमीटर लावून माणसं बसली होती. चौऱ्याण्णव आला तर घरी, नव्वदच्या खाली गेला तर धावपळ. एका आकड्यावर आख्खं घर श्वास रोखून बसतं, ते तेव्हा सगळ्यांनी अनुभवलं. मेळघाटातल्या आईचं घर दर पावसाळ्यात तसं बसतं.

त्या दिवशी आम्ही ग्रामीण रुग्णालयापर्यंत सोबत गेलो. बाळाला दाखल करून घेतलं. संध्याकाळी संमेलनात मी माझी गझल वाचली, टाळ्या पडल्या. चार दिवसांनी आशाताईचा फोन आला, पोर घरी आलं म्हणून. मी विचारलं, आता किती? ती म्हणाली, ‘अडतीस.’

मी वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाकून ते दोन्ही आकडे लिहून ठेवले. चौपन्न, अडतीस. त्यांच्याखाली माझ्या बहिणीचं नाव लिहिलं. तिची कुठेतरी एक नोंद असावी म्हणून.